कुत्रंही नेणार नाही असा

२ ऑक्टोबर (माझ्या गणतीनं, एक-दोन दिवस इकडेतिकडे)

आज तोमायनं बोलावलं. तोमाय ही आमच्या सरदाराची, इतल्मासची, धाकटी बहीण. तो अंथरुणाला खिळल्यापासून छावणी तीच चालवते, आणि खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा बरी चालवते. मी गेलो तेव्हा ती घोडीचं दूध घुसळत होती. बस म्हणाली नाही. मला पकडून आणल्याला अकरा वर्षं झाली, तिनं कधी बस म्हटलेलं नाही.

"त्याची सगळी पत्रं तूच लिहिलीस ना?"

"हो, बाई."

"मग त्याचं खरं नाव तुझ्या त्या कातड्यांवर कुठेतरी असेलच."

मी म्हणालो, नाही. प्रत्येक पत्राखाली मी इतल्मास एवढंच लिहिलं. रोमच्या बादशहालाही तेच. हूणांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो, कुत्रंही नेणार नाही असा. ज्याच्या नुसत्या नावानं डॅन्यूबकाठची शहरं दारं लावून घेतात, त्याचं नाव हे. त्याच्या आईची पहिली चार मुलं गेली. पाचवं झालं तेव्हा तिनं ते तंबूच्या मागून, भिंतीच्या लोकरी नमद्याखालून, एका गुलाम मुलीच्या हातात सरकवलं. ती मुलगी पुढच्या दारानं आली आणि म्हणाली, "हे रस्त्यात पडलं होतं. कुत्र्यानंही तोंड लावलं नाही. हवं तर ठेवा." मरणाला वाटावं, हे या घरचं नव्हेच, आणि त्यानं पुढच्या तंबूकडे जावं. पोराला बाहेर सरकवण्याआधी आई कानात खरं नाव सांगते, एकदाच. मग ते कुणी उच्चारायचं नाही. शेवटी, जायच्या वेळी, माहीत असलेल्या माणसानं ते घ्यायचं, म्हणजे मरणाला पत्ता सापडतो.

ऑगस्टमध्ये नदीच्या उतारावर घोडा इतल्मासच्या अंगावर पडला. खुब्याचा चुरा झाला आणि जखम सडली. दुसरा कुणी दहा दिवसांत गेला असता. हा सातवा आठवडा आहे. सगळे म्हणतात, जीव अडकलाय.

"नाव आण," तोमाय म्हणाली. "तो सुटला की तूही सुटलास. घोडा देते, नदीपलीकडे जायला होडी देते. सूर्याची शपथ."

मी मान डोलावली आणि बाहेर येऊन गाड्यांच्या मागे बराच वेळ उभा राहिलो. अकरा वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहिली. आनंदानं उडी मारावी असं वाटायला हवं होतं. थंडी वाजत होती म्हणून असेल, तसं काही वाटलं नाही.

३ ऑक्टोबर

तोमायचा नवरा बार्सिख याला आज अक्कल सुचली. पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देतात, म्हणून पाचव्यालाही तेच असणार, असा त्याचा हिशेब. तो इतल्मासच्या कानाशी वाकला. बार्सिख स्वतः अर्धा बहिरा, त्यामुळे त्याची कुजबुज म्हणजे दवंडी. अख्ख्या छावणीनं ऐकलं. बाया रडायला तयार होऊन बसल्या होत्या.

इतल्मासनं एक डोळा उघडला. "माझा आजोबा घोडेचोर होता. त्याला हाका मारतोयस, तो आला तर तुझाच घोडा आधी जाईल."

बाया हसल्या. बार्सिखला काही ऐकू आलं नाही, तोही हसला. मग वेदनेची कळ आली आणि इतल्मासनं चामड्याचा पट्टा दातात धरला. सगळे एकेक करून उठून गेले.

मी थांबलो. मला कुणी जा म्हटलं नाही म्हणून.

५ ऑक्टोबर

दुपार त्याच्याजवळ काढली. हे मी नेहमीच करतो. पत्रं नसली तरी तो मला बोलावतो आणि म्हणतो, "काळबोट्या, लिही." बोटांना कायम शाई, म्हणून काळबोट्या. बाकीचे मला हाक मारत नाहीत, हातानं खुणावतात.

आज म्हणाला, "माझ्या नावाच्या किती कथा झाल्या रे आपल्या?"

मी मोजल्या. सात. रोमहून बोलणी करायला आलेला प्रत्येक वकील जेवण झालं की हात पुसत विचारायचा, सरदारांच्या नावाचा अर्थ काय? हा गंभीर चेहऱ्यानं दरवेळी नवं काही सांगायचा. एकाला म्हणाला, माझ्या जन्माच्या वेळी आकाशातून तलवार पडली. दुसऱ्याला म्हणाला, लांडगिणीचं दूध प्यालेला असा अर्थ. तो वकील खूश झाला, म्हणाला आमच्याकडेही असंच आहे. तिसऱ्याला सांगितलं की या नावाचा अर्थ सांगणाऱ्याची जीभ झडते. मी सगळं भाषांतर करायचो, तोंडाला कुलूप लावून हसू दाबायचो. तो माझ्याकडे मुद्दाम बघायचा, मी फुटतो का म्हणून. जेवणानंतर वकिलापाशी आम्ही दोघंच उरायचो, त्यामुळे ती थट्टा कळणारेही आम्ही दोघंच.

माझं गाव त्यानंच जाळलं, हे मी विसरलेलो नाही. लिहून ठेवतो, नाहीतर हे पान वाचणाऱ्याला वाटेल मी विसरलो. वाचणार कोण म्हणा.

"त्या मुलीला शोध," तो म्हणाला. "मला उचलून आणणारीला. तळ्याकडच्या लोकांना देऊन टाकलं तिला, मी पाच वर्षांचा असताना. सेकुंदा म्हणायचे. रोमन होती, तुझ्याच बाजूची. जिवंत असेल तर नाव तिलाच ठाऊक."

"म्हातारी झाली असेल, धनी."

"मग मी काय तरुण आहे? जा."

९ ऑक्टोबर, तळ्याकाठी

दोन दिवसांचा रस्ता, सगळा लव्हाळ्यातून. घोड्याच्या पोटापर्यंत पाणी. इथले लोक मासे खातात आणि त्यांच्या अंगालाही तोच वास.

सेकुंदा जिवंत आहे. लहानशी, वाळलेली, एका झोपडीपुढे माशाचे काटे काढत बसली होती. मी आमच्या भाषेत बोललो तर तिचा हात थांबला. मग एकेक शब्द शोधत बोलली.

"कुठला रे तू?"

"नदीपलीकडचा, आजी."

"नाव?"

"वितालिस."

"वितालिस," ती म्हणाली. बरोबर म्हणाली, जिथे जोर द्यायचा तिथेच देऊन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मला स्वतःचीच लाज वाटली. ती म्हणाली, "रड बाळा. धुरानं येतं इथे सगळ्यांना." चूल तर पेटलेली नव्हती.

मी कशासाठी आलो ते सांगितलं.

"अजून आहे होय तो? माझं रस्त्यावरचं पोरगं?"

"आहे. जीव अडकलाय."

"अडकणारच," ती म्हणाली आणि पुन्हा काटे काढू लागली. मला वाटलं भ्रमिष्ट आहे. पण नव्हती. ती सांगू लागली, ते मी तिच्याच शब्दांत लिहितो.

"मी सोळाची होते. मला पकडून आणल्याला चार महिने झाले होते. त्या बाईनं चार पोरं पुरलेली. तिनं नमदा उचलला, पोर अर्धं बाहेर सरकवलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेलं. मी वाकले, कारण आईला आणि उचलणारीला, दोघींना ठाऊक असावं लागतं. पण तिला नाव घेताच येईना. नुसता श्वास यायचा. नाव घेतलं की जातं, हे तिनं चारदा बघितलं होतं. तिनं ते तसंच माझ्या हातात ढकललं आणि नमदा सोडला."

"मग त्याला नावच नाही?"

"थंडी होती रे. पोर हातात थरथरत होतं. बिननावाचं कसं ठेवायचं? माझ्या तोंडात जे होतं ते मी त्याच्या कानात सांगितलं."

"काय?"

"लुपिओ."

मी म्हणालो, हे तर आपल्याकडचं नाव.

"माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांचा. हे लोक आले तेव्हा तो कणगीत लपला. हलू नकोस म्हणून मीच सांगितलं होतं. कणगीलाच आग लावली त्यांनी." ती एक काटा बोटानं चाचपून बघत होती. "पाच वर्षं मी ह्याला घास भरवला. तोंडानं इतल्मास म्हणायचे, मनात दुसरं. डोकंही बांधू दिलं नाही मी, सापडलेल्या पोराचं बांधत नाहीत म्हणून भांडले. मग त्यांना दिसलं की पोर माझ्याच मागे फिरतं. मला इथे पाठवून दिलं."

म्हणून त्याचं डोकं आपल्यासारखं गोल. त्याच्या सगळ्या भावाबहिणींची डोकी लहानपणी पट्ट्या बांधून मागे लांब केलेली. रोमचे वकील त्यावरही काहीबाही लिहून नेत.

"तुझं गाव जाळलं का त्यानं?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्या भावाच्या नावानं."

तिला घोड्यावर बसवत नाही, गाडी लव्हाळ्यातून जात नाही, म्हणून ती येऊ शकत नाही. "तू सांग त्याला," ती म्हणाली. "नाहीतर नको सांगूस. मी आता कुणाचं काही ठरवत नाही." निघताना विचारलं, "तुझं गाव अजून आहे का रे?"

"असेल की," मी म्हणालो. जूनमध्ये एक मिठाचा व्यापारी म्हणाला होता की तिथे गुडघाभर गवत आहे आणि माणूस नाही. पण व्यापाऱ्यांना काय कळतं. ते रस्त्यावरून बघतात.

११ ऑक्टोबर

संध्याकाळी परतलो. तोमाय वाटेवरच उभी.

"मिळालं?"

"म्हातारी भ्रमिष्ट आहे, बाई. तुकड्यातुकड्यांनी आठवतं तिला. जुळवायला वेळ लागेल."

असं का बोललो ते इथे स्पष्ट लिहितो, म्हणजे माझं मलाच नीट कळेल. मी सगळ्यांसमोर लुपिओ म्हणालो, म्हणजे एका रोमन पोराचं नाव घेतलं, तर बार्सिख मला तिथेच कापेल आणि मग तळ्यावर जाऊन सेकुंदालाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालंय. तेव्हा सावध राहणं शहाणपणाचं. घाई करून चालणार नाही.

इतल्मासला भेटायला गेलो. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि नावाचं काहीच विचारलं नाही. "तळ्यावर मासे खाल्लेस ना? तोंडाला वास येतोय," म्हणाला. मी त्याला प्रवासाचं सांगितलं, पाणी किती होतं, घोडा कसा बुजला. तो ऐकत झोपला.

१२ ऑक्टोबर

एक तोड सुचली. खोटं नाव सांगायचं. दणदणीत हूण नाव, मेंगुर वगैरे. तोमाय समाधानी, बार्सिख समाधानी, मी होडीत. इतल्मासला कळणारही नाही, त्याला खरं कुठे माहीत आहे? आणि नाव घेतल्यानं माणूस मरतो या गोष्टीवर माझा विश्वासही नाही. मी शिकलेल्या बापाचा मुलगा आहे.

दिवसभर मेंगुर, मेंगुर असं घोकत फिरलो. त्याच्या तंबूत गेलो आणि तसाच परत आलो. नंतर लक्षात आलं की विश्वास नसेल तर खरं नाव सांगायलाही हरकत नाही, आणि विश्वास असेल तर खोटं सांगणं पाप. दोन्हीकडून एकच उत्तर येतंय, म्हणजे विचारात कुठेतरी चूक आहे. उद्या बघू.

१३ ऑक्टोबर

पाऊस. असल्या हवेत निघणं नाहीतरी शक्य नव्हतं.

१४ ऑक्टोबर

आज मजा आली. त्याला थोडी हुशारी होती. आम्ही आठवी कथा तयार केली, पुढच्या वकिलासाठी. त्यात इतल्मासची आई नदी आहे आणि बाप वीज, आणि कुत्रं हा शब्द कुठेच नाही. मग तो म्हणाला, त्यात एक उंट घाल. मी म्हणालो, नदीच्या बाळंतपणात उंट कशाला? तो म्हणाला, "रोमन लोकांना उंट आवडतात, घाल." मी घातला. हसून हसून त्याला ठसका लागला आणि जखम पुन्हा वाहू लागली. तोमायनं मला बाहेर काढलं. म्हणाली, "त्याला हसवू नकोस. त्याला सोडव." 

पुढचा वकील कधी येणार, हा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

रात्रभर ताप होता म्हणे.

१६ ऑक्टोबर

तोमाय दोनदा येऊन विचारून गेली. मी म्हणालो, त्याचं सगळं आयुष्य लिहून काढतोय, त्यातून नाव सापडेल. हे अगदीच खोटं नाही. लिहितोच आहे. पहिली लढाई, पहिला घोडा, बर्फात अडकलेला हिवाळा, मेलेली बायको. तो सांगतो, मी लिहितो. मधूनच थांबतो आणि पट्टा चावतो, मी टाक वर धरून थांबतो. मग पुढे सुरू. हे सगळं सोडून अर्ध्यात निघून जाणं लेखनिकाला शोभत नाही. माझा बाप दस्तऐवज पुरा केल्याशिवाय जेवायला उठायचा नाही.

१७ ऑक्टोबर

खाणं सुटलं. मी वरीची पातळ पेज वाटीनं पाजली, अर्धी मानेवर सांडली. त्यानं माझ्या गावाबद्दल विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी सांगितलं, भट्टीवाला कोण होता, विहिरी किती, बापाचं टेबल कुठे असायचं.

"वेशीपाशी अक्रोडाचं झाड होतं," तो म्हणाला.

"होतं."

"ते मी तोडू दिलं नव्हतं."

मला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या गावात अक्रोडाचं झाड होतं हे माहीत असलेला माणूस या साऱ्या छावणीत दुसरा कोण आहे? पेज गार झाली होती. मी ती पुन्हा ऊन करून आणली.

१८ ऑक्टोबर

लिहिण्यासारखं काही नाही. तो ओरडत नाही. पट्ट्याला भोकं पडली आहेत.

१९ ऑक्टोबर

दुपारी सगळे मेंढ्या कापायला गेले होते, हिवाळ्यासाठी. तंबूत आम्ही दोघं. वास फार होता, मी दार उघडं टाकलं. ऊन त्याच्या पायांवर आलं. मी टाक बोळ्यानं पुसून कातडं गुडघ्यावर घेतलं आणि म्हणालो, आपण बर्फाच्या हिवाळ्यापर्यंत आलो होतो.

"काळबोट्या," तो म्हणाला, "आता पुरे."

"थकलात का, धनी?"

"तू नाव घेऊन आलायस. आलास त्या दिवशीच मला कळलं."

मी म्हणालो, म्हातारी भ्रमिष्ट... त्यानं हात हलवला. माशी हाकलावी तसा.

"वकिलांसमोर तू खोटं बोलतोस तेव्हा कान हलत नाहीत तुझे. त्या दिवशी हलत होते."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस."

"हेच तर हवं होतं ना तुम्हाला!"

त्यानं श्वास गोळा केला. "मला हवं होतं रे. पण तू तंबूत आलास आणि घोडा पाण्यात कसा बुजला ते सांगत बसलास. मी म्हटलं, राहू दे. मी गेलो तर हा बोलणार कुणाशी? आणखी दोन दिवस काढू याच्यासाठी. मग आणखी दोन. आठ झाले." त्यानं पट्टा चाचपला, पण तोंडात घेतला नाही. "आता नाही जमत. रागावू नकोस."

रागावू नकोस, असं तो मला म्हणाला.

मी आठ दिवस सावध होतो, शहाणा होतो, पावसाकडे बघत होतो, दस्तऐवज पुरा करत होतो. आणि तो आठ दिवस पट्टा चावत मला सोबत करत होता. मी त्याच्या अंथरुणाशी डोकं टेकून रडलो. मोठ्यानं, लहान पोरासारखा. त्याचा हात माझ्या डोक्यावर होता की तिथे पडला होता, मला सांगता येणार नाही.

मग मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. नाव घेण्याआधी मला त्या आईसारखंच झालं, नुसता श्वास. दुसऱ्यांदा जमलं. "लुपिओ," मी म्हणालो.

त्यानं डोळे उघडले. "रोमन?"

"नदीपलीकडच्या एका पोराचं. तिच्या भावाचं. सहा वर्षांचा होता."

"आमच्या लोकांनी मारला?"

"हो."

तो छताकडे बघू लागला. "लुपिओ," म्हणाला. वाईट उच्चारलं. पुन्हा म्हणाला, थोडं बरं. "एवढं लहान नाव. माझ्यासारख्या माणसात कुठे राहिलं असेल रे ते इतकी वर्षं?"

उन्हं उतरायच्या आत तो गेला.

२० ऑक्टोबर

काल लिहायचं राहिलं ते. बाहेर मेंढ्यांचं काम थांबलं, बायका आल्या. मी तोमायपुढे उभा राहिलो. मनाशी ठरवलं होतं की आता सगळं सांगायचं, रोमन नाव, कणगी, सगळं, मग बार्सिख काय करायचं ते करो. म्हणालो, "बाई, ते नाव..."

तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "वेडा आहेस का? ते कुणाला सांगायचं नसतं."

"पण बार्सिखनं तर सगळ्यांसमोर..."

"बार्सिख बहिरा आणि मूर्ख आहे. नाव कानात सांगतात, आणि सांगणाऱ्याकडेच राहतं. कुणी विचारत नाही. अकरा वर्षं राहिलास इथे, एवढं माहीत नाही तुला?"

मला माहीत होतं का? आज सकाळपासून हाच विचार करतोय. तीन म्हाताऱ्यांचं मरण पाहिलंय मी इथे. तिन्ही वेळा कुणीतरी कानाशी वाकलं होतं, आणि नाव मला कधी ऐकू आलं नव्हतं. म्हणजे माहीत होतं. बहुतेक माहीत होतं.

आज दुपारी घोडेस्वार त्याच्या तंबूभोवती फिरू लागले. इथे मोठ्या माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढत नाहीत. घरची माणसं गालांवर सुरी ओढतात, आणि तेच रक्त त्याच्यासाठीचं रडणं. बार्सिखनं ओढली, त्याच्या मुलांनी ओढली, तोमायनं ओढली. मी गाड्यांपाशी उभा होतो, नोकरांच्यात. तोमाय चालत माझ्याकडे आली. गालांवरून ओघळ हनुवटीपर्यंत आलेले. तिनं सुरीची मूठ माझ्याकडे केली.

"मी परका आहे, बाई."

"परक्या माणसानं पहिल्याच दिवशी नाव सांगितलं असतं, आणि घोड्यावर बसला असता," ती म्हणाली. "तू आठ दिवस त्याला सोडला नाहीस. मला दिसत नव्हतं का? तुझा गळा धरावा असं रोज वाटायचं. धर ही सुरी."

मी घेतली. उजवीकडे नीट जमलं, डावीकडे सुरी घसरली. फार दुखलं. नंतर तिनं राख लावली आणि तंबूकडे बोट दाखवून म्हणाली, "बस."

२२ ऑक्टोबर

शपथेप्रमाणे घोडा मिळाला. पाठीवर नवा नमदा, पिशवीत सुकं मांस, त्याच्या आयुष्याची कातडी मी बरोबर घेतली. कुणी अडवलं नाही. काल दिवसभर चाललो आणि आज सकाळी मोठ्या नदीवर पोचलो. धुकं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, पण तो तिथे आहे हे मला माहीत आहे. होडी बांधलेली होती. नावाडी आपल्यातलाच, म्हणजे हूण. तो माझ्या चेहऱ्याकडे बघून उठून उभा राहिला.

"कोण गेलं तुमचं?"

तोंड उघडलं की गाल ताणतात, त्यामुळे मी पटकन बोललो नाही. तो थांबला होता.

"घरचं माणूस," मी म्हणालो.

"मग दादा, पलीकडे कुठे निघालात? घरच्यांनी चाळीस दिवस वाहतं पाणी ओलांडायचं नसतं. गेलेल्याला मागे कुणी नको का?"

हे खरं आहे. हे मला नक्की माहीत होतं, ओढा आडवा आला तरी लोक वळसा घालून जातात. मी नावाड्याला म्हणालो की गडबडीत विसरलो. तो म्हणाला, होतं असं दुःखात. त्यानं मला गरम दूध दिलं आणि मी ते गालाला धक्का न लागता हळूहळू प्यालो. मग घोडा वळवला.

हे वाटेत एका टेकाडाआड बसून लिहितोय. चाळीस दिवस झाले की निघेन. तोवर बर्फ पडेल, तेव्हा मग वसंतातच बरं. नदी काही कुठे जात नाही.